चुगलखोर डबा

जेवणाला सगळे नावाजतात, डब्याला कोणी नावाजत नाही. मालन आवटीच्या पोटातलं हे दुखणं पंचवीस वर्षं जुनं होतं, आणि तिनं ते कधी कोणाला दाखवलं नव्हतं. दाखवून तरी काय उपयोग? लोक म्हणाले असते, अगं बाई, डब्यानं कधी आमटी होते का?

मिरजेत दवाखाने उदंड. दवाखान्यात पेशंट, पेशंटच्या उशाशी नातेवाईक, आणि नातेवाइकाच्या पोटात भूक. त्या भुकेवर आवटींच्या दोन जावांची खानावळ चालत होती. थोरली गोदाक्का रांधायची, धाकटी मालन डबे बांधायची आणि मालनचा नवरा विलास बॅटरीच्या तीनचाकीतून ते पोचवायचा. गोदाक्का खानावळीच्या मागच्याच दोन खोल्यांत एकटी राहायची. तिचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. मालनचं घर दोन गल्ल्या पलीकडे. जावा जावा उभा दावा म्हणतात, पण या दोघींचा कधी उभा दावा झाला नाही. झाला तो बसल्या जागी आणि तोही एकटीच्या मनात.

गोदाक्काच्या हाताला चव होती, हे काही खोटं नव्हे. लसणाची फोडणी पडली की गल्लीतली माणसं मान वर करायची. पण ती आमटी खाणाऱ्याच्या ताटात पोचेपर्यंत आमटीच राहते, तिचा चिखल होत नाही, हे कोणामुळे? मालनमुळे. नवीन डबा आला की मालन तो आमटीनं भरून खुंटीला उलटा टांगायची आणि खाली कोरा कागद अंथरायची. तासाभरानं कागदावर एक जरी डाग दिसला तरी डबा बाद. भाकरी तीन तास आत ठेवून मग ती गालाला लावून बघायची, घामेजली तर डबा बाद. प्लॅस्टिक बंद झालं तेव्हा तिनं उसाच्या चिपाडाचे डबे आणले. त्यांचं बूड आमटीनं तासात मऊ पडलं. सुपारीच्या विरीचे, म्हणजे झावळीच्या रुंद देठाचे, आणले. दिसायला लग्नातले, पण भाताला विरीचा वास. कागदी आणले, तर त्यांच्या आत प्लॅस्टिकचंच अस्तर निघालं, तेव्हा तिनं दुकानदाराची जी पूजा बांधली ती अख्ख्या पेठेनं ऐकली.

एवढं करून लोक काय म्हणायचे? "गोदाक्का, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पाहिजे!" आणि मालनकडे बघून, "ताई, जरा पाणी देता?"

त्या वर्षी नव्या हृदय रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञ डॉक्टर बेडेकर खानावळ बघायला आल्या. रोज तीनशे जेवणांचं काम द्यायचं होतं. बाईंनी आमटीचा घोट घेतला, डोळे मिटले, गोदाक्काचे दोन्ही हात हातात घेतले. मग मालनकडे वळून हसून विचारलं, "आणि तुम्ही मदतीला असता का?"

मदतीला! मालन त्या दिवशी घरी जाऊन जेवली नाही. विलासनं विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय.

रुग्णालयाची एक अट होती. दोन हजार अडतीसच्या नव्या नियमानं पेशंटचं आणि नातेवाइकांचं जेवण परत येणाऱ्या, आठवण ठेवणाऱ्या डब्यातूनच जायला हवं होतं. आता हा डबा म्हणजे काय, ते सांगायला पुण्याहून ऋजुता नावाची तरणी इंजिनिअर आली. तिनं करड्या रंगाचा, हाताला गुळगुळीत लागणारा एक डबा ओट्यावर ठेवला.

"साखर कारखान्यात चिपाडं जाळतात ना, त्या राखेतून हा केलाय," ती म्हणाली. "वास म्हणजे काय हो? पदार्थातून सुटणारे बारीक कण. लसणातून वेगळे, जिऱ्यातून वेगळे, आणि जेवण विटायला लागलं की आणखी वेगळे. या डब्याच्या आतल्या थराला डोळ्यांना न दिसणारी भोकं आहेत, अब्जावधी. प्रत्येक भोकाचा आकार निराळा, त्यात एका ठरावीक जातीचाच कण अडकतो. साबणानं धुतलं तरी वरचा तेलकटपणा जातो, आत अडकलेला कण जात नाही."

दोन तासांपूर्वी आमटी भरून ठेवलेला तो डबा रिकामा करून तिनं साबणानं घासला, मग खिशातून एक निळी बॅटरी काढली आणि उजेड डब्यात पाडला. त्या उजेडात अडकलेला प्रत्येक कण आपापल्या परीनं चमकतो आणि बॅटरीला ते वाचता येतं. फोनच्या पडद्यावर नावं उमटली: कांदा, लसूण, जिरे, तूरडाळ. खाली लिहिलं होतं, डबा दोन तास दहा मिनिटं गरम होता, अन्न विटलेलं नाही.

"आणि हे पुसायचं कसं?" मालननं विचारलं.

"दोन तास कडक उन्हात ठेवायचा. थरात असं एक द्रव्य आहे की ऊन लागलं की ते कणांचे तुकडे करतं. डबा सगळं विसरतो. फक्त मीठ आणि साखर याला मुळातच कळत नाहीत. त्यांचे कण हवेत उडत नाहीत, त्यांना वास नाही."

"म्हणजे आमटी खारट झाली तर हा चुगली करणार नाही म्हणायचा," मालन म्हणाली.

"माझी आमटी कधी खारट झाली गं?" गोदाक्का चुलीपासून गरजली. मग ती पदराला हात पुसत पुढे आली, डब्याला बोट लावून म्हणाली, "डब्याला कशाला हवी आठवण? माणसालाच ती नकोशी झालीय."

पण मालननं डबा उलटा टांगला, कागद कोरा राहिला. भाकरी तीन तासांनी गालाला लावली, तर आत्ता तव्यावरून उतरल्यासारखी. मालनच्या डोळ्यांत पाणीच आलं. पंचवीस वर्षं जो डबा ती शोधत होती तो हा. आणि वर आणखी एक गोष्ट होती. नियमानं प्रत्येक झाकणावर बांधणाऱ्याचं नाव लिहायला जागा होती.

"आणि माझं नाव कुठं?" गोदाक्कानं विचारलं.

"रांधणाऱ्याचं लिहायचा नियम नाही, अक्का," मालन म्हणाली. नियम तिनं केला नव्हता, पण सांगताना तिला गुदगुल्या झाल्या हे खरं.

झाकणावर नावाखाली जागा उरायची. मालन तिथं दोन शब्द लिहायला लागली. 'आमटी गरम आहे, सावकाश.' 'भाकरी आधी खा.' लोक डबा पेशंटच्या उशाशी बसून उघडतात, घाईनं तोंड भाजतात, हे तिला ठाऊक होतं. बाकी काही मोठा विचार त्यात नव्हता.

तीनशेचं काम अजून ठरायचं होतं; तोवर रोजची चाळीस जेवणं याच डब्यांतून जायला लागली, आणि कामाचा क्रम असा बसला. सकाळी डबे जायचे, दुपारी विलास ते गोळा करून मागच्या मोरीपाशी उतरवायचा. मालन तेव्हा घरी पाठ टेकायला गेलेली असायची. गोदाक्का डबे घासायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मालन बॅटरीनं ते वाचायची, मग गच्चीवर उन्हात मांडायची. डब्यांच्या दोन जोड्या होत्या, एक उन्हात आणि एक फेरीवर. सगळं कसं शिस्तीत.

आणि दहाव्या दिवशी बॅटरीनं दाखवलं: कांदा, लसूण, जिरे, तूरडाळ. तीळ. गूळ. वेलदोडा. तूप.

मालन चमकली. तूप? त्यांच्या जेवणात तूप नव्हतंच, दवाखान्याला चालत नव्हतं. तिनं दुसरा डबा घेतला. त्यात बेदाणे. तिसऱ्यात भाजल्या शेंगा. चाळीस डब्यांतले अकरा डबे असे निघाले. दुसऱ्या दिवशी चौदा.

आता ह्यावर कोणाही सरळ माणसानं सरळ विचार केला असता. पण मालनच्या मनात आधीच एक गोष्ट सलत होती. सांगलीच्या साक्षी केटरर्सची मालकीण महिन्यात दोनदा गोदाक्काला भेटून गेली होती. एकदा तर अबोलीचा गजरा घेऊन आली होती, आणि अक्कानं तो केसांत माळला होता, या वयात! कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं. मालननं दोन आणि दोन मिळवले आणि उत्तर काढलं बावीस: अक्का दुपारी, आपण नसताना, आपल्याच डब्यांतून त्या सांगलीकरणीला लाडू करून पुरवते. आज लाडू, उद्या स्वतःच तिकडे जाईल. मग डबे बांधायचे कशाचे?

"अक्का, दुपारी काय करता हो?" तिनं कांदा चिरता चिरता सहज विचारलं.

"निजते की. म्हातारीनं दुसरं काय करायचं?" गोदाक्का म्हणाली, पण वर बघितलं नाही. तिच्या पदराला दोन तीळ चिकटले होते. पांढरेशुभ्र, धुतलेले.

मालनच्या छातीत जाळ झाला. आणि गंमत बघा, तिला सगळ्यात जास्त काय लागलं? डबे वापरले ते नव्हे, चोरून केलं तेही नव्हे. हिनं तिळाचे लाडू केले आणि मला एक दिला नाही! एकोणिसाव्या वर्षी सून म्हणून घरात आले, पहिल्या संक्रांतीला हिनंच माझ्या तोंडात लाडू घातला होता. आता त्या गजरेवालीच्या तोंडात घालते. हे आठवून मालन गच्चीवर डबे मांडता मांडता एकटीच रडली, आणि रडून झाल्यावर तिचा राग दुप्पट झाला.

रुग्णालयाचा अर्ज आला. जबाबदार व्यक्ती म्हणून एकच नाव हवं होतं, आणि महिनाभराच्या सगळ्या नोंदी जोडायच्या होत्या. मालनला नको असलेल्या नोंदी गाळता आल्या असत्या. ते दोन-अडीचशे डबे वाचण्याआधी उन्हात ठेवले असते तर नोंदच झाली नसती. गच्ची वरच होती, ऊन फुकटचं होतं. तिनं एकही नोंद गाळली नाही. अर्जात एक रकाना होता, 'बाहेरचे पदार्थ आढळल्यास कारण.' त्यात तिनं लिहिलं:

'सदर पदार्थ श्रीमती गोदावरी आवटी या खानावळीच्या डब्यांतून परस्पर बाहेर पुरवतात. माझा त्याच्याशी संबंध नाही.'

जबाबदार व्यक्तीपुढे लिहिलं, मालन विलास आवटी. आणि बटण दाबलं. दाबल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिनं त्या दिवशी स्वतःसाठी शिरा केला.

उत्तर चौथ्या दिवशी आलं. काम मंजूर. पहिल्या तारखेपासून तीनशे जेवणं, जबाबदारी मालन आवटी यांची. अट एक: श्रीमती गोदावरी आवटी यांनी स्वयंपाकघरात पाऊल ठेवू नये, स्वयंपाकी दुसरा नेमावा.

मालननं ते फोनवर तीनदा वाचलं. आता हे अक्काला सांगायचं कसं? नुसतं जाऊन सांगायला तोंड नव्हतं. मुद्देमालासकट धरावी, म्हणजे बोलायला जोर येईल, असं तिनं ठरवलं. त्या दुपारी ती घरी गेलीच नाही. ज्वारीच्या पोत्यांमागे अंग चोरून उभी राहिली. चोपन्न वर्षांची बाई, गुडघे दुखतायत, नाकात ज्वारीची धूळ, आणि शिंक दाबून धरलेली.

विलास आला, डबे मोरीपाशी उतरवले, गेला. गोदाक्का पाटावर बसली. एक झाकण उघडलं. दुसरं उघडलं. मग तिसऱ्या डब्यातून तिनं काहीतरी काढून मांडीवर घेतलं, आणि त्याच्याकडे नुसती बघत बसली.

"काय चाललंय, अक्का?" मालन पोत्यांमागून बाहेर आली आणि तेव्हाच नेमकी ती शिंक आली. एवढ्या रागात शिंक! पण गोदाक्का हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

तिच्या मांडीवर तिळाचे चार लाडू होते, आणि एक चिठ्ठी.

"हे कोणाला देता? सांगलीला ना?" मालन ओरडली.

"सांगलीला?" गोदाक्कानं डोळे वर केले. "सांगलीला कशाला? डब्यातनं आलंय. दवाखान्यातनं. रोज येतंय."

"म्हणजे?"

"म्हणजे काय, खेड्यातली माणसं आहेत गं, जतची, अथणीची. भरून आलेलं भांडं रिकामं परत देत्यात व्हय कोण? आपल्या स्टीलच्या डब्यांच्या वेळी न्हाई का यायचं? मग ते फेकायचे डबे आले. फेकायच्या डब्यातनं कोण काय परत पाठवणार? आता परत द्यायचा डबा आला, की त्यांचा हात परत वळला."

रिकामं भांडं परत देऊ नये! मालननं स्वतः शेजारची वाटीसुद्धा कधी रिकामी दिली नव्हती. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. आणि हे तिला महिनाभर सुचू नये? पुण्याच्या प्रयोगशाळेला सुचलं नाही ते एक समजू शकतं. पण ती?

"मग मला का सांगितलं नाहीत?" तिनं विचारलं. आवाज आता उतरला होता.

गोदाक्का गुडघ्यावर हात टेकून उठली, मागच्या खोलीत गेली, आणि खाटेखालून पत्र्याची ट्रंक ओढत आणली. झाकण उघडलं. आत बेदाण्यांच्या पुड्या, गुळाचे खडे, हळकुंडं, शेंगा, कागदात बांधलेले लाडू. आणि एका बाजूला दोऱ्यानं बांधलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा.

"एक बी खाल्लं न्हाई," ती म्हणाली. "देवाशपथ. तुझंच हाय ते सगळं."

मालननं वरची चिठ्ठी उलगडली. 'मालनताईस नमस्कार. आमचे भाऊ चार दिवस काही खाईनात. झाकणावर तुम्ही सावकाश लिहिलं होतं, ते त्यांना वाचून दाखवलं, मग सावकाश जेवले. भाकरी अगदी मऊ. शेंगा आमच्या रानातल्या. पारूबाई, जत.' दुसरी उलगडली. 'मालनताई, डब्यातला एक थेंब सांडला नाही. तुमच्या हाताला यश आहे.' तिसरी, चौथी. सगळ्या मालनताईस. सगळ्या!

"भाकरी मी थापली गं," गोदाक्का म्हणाली. "मऊ डब्यानं राहिली असंल, पण थापली मी. चाळीस वर्षं हात भाजले. एका चिठ्ठीत माझं नाव न्हाई, आमटीचं बी न्हाई. रोज म्हणायची, उद्या देते मालनला. उद्या झाला की पुन्हा तुझं नाव वाचायची आणि पुन्हा ट्रंकेत टाकायची. जळले गं मी तुझ्यावर. माझं मलाच बघवंना. ह्या वयात, लाज वाटती सांगायला." तिनं पदरानं नाक पुसलं. "झालं, सांगितलं एकदाचं. आता तू काय बोलायचं ते बोल."

मालनच्या कंबरेच्या पिशवीत फोन होता, फोनमध्ये ते मंजुरीचं पत्र. अक्कानं लाडू ट्रंकेत ठेवले होते. मालननं अक्काला कागदोपत्री चोर ठरवलं होतं. दोघींचं पाप एकाच जातीचं, पण एकीचं मूठभर आणि दुसरीचं पायलीभर. ती एवढंच म्हणाली, "असू दे, अक्का."

गोदाक्कानं एक स्मरणडबा घेतला, त्यात लाडू, बेदाणे आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा नीट बसवला, आणि तो तिच्या हातात दिला. "घेऊन जा. तुझं हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन डॉक्टर बेडेकरांसमोर उभी होती.

"मी त्या रकान्यात जे लिहिलं ते खोटं होतं," ती म्हणाली, आणि डब्यांची सगळी हकीकत सांगितली.

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुमचा गैरसमज झाला होता?"

गैरसमज! केवढा सोयीचा शब्द. मालनला तो उचलून कपाळाला लावावासा वाटला. पण तिनं मान हलवली. "नाही. मी विचारलंच नाही त्यांना. मला विचारायचंच नव्हतं. माझं नाव वर यावं म्हणून लिहिलं."

"मग नियमाप्रमाणे हे काम तुमच्याकडे राहू शकत नाही. खोटी माहिती दिली म्हणून दुसऱ्या नंबरला जाईल. साक्षी केटरर्स, सांगली."

"जाऊ दे," मालन म्हणाली. म्हणताना तिचे दात आपोआप आवळले गेले.

"गोदावरीबाईंवरचा ठपका मी काढून टाकते. त्यांना यातलं काही कळणार नाही," बेडेकर बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुम्हीही सांगायला पाहिजे असं नाही."

हे बरं होतं. मालन घरी आली. ओट्यावर अक्काचा डबा होता, आता धुतलेला. तो परत द्यायचा होता. आणि रिकामा द्यायचा नव्हता.

तिनं रवा काढला, ठेवला. करंज्या कराव्यात? अक्काला आवडतात. चुरमुऱ्याचा चिवडा? प्रत्येक पदार्थ मनात डब्यात घालून बघितला आणि प्रत्येक पदार्थ खोटा वाटला. कशानेही डबा भरला असता, पण अक्कानं स्वतःचं उघडं करून दिलं होतं आणि आपण त्यावर करंज्या झाकायच्या? शेवटी तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून त्या अर्जाचा कागद छापून आणला. तिनं लिहिलेली ती दोन वाक्यं त्यावर होती, आणि खाली तिचं नाव. कागदाची घडी करून तिनं डब्यात ठेवली, वर झाकण लावलं. गोदाक्काच्या दारात डबा ठेवून ती म्हणाली, "अक्का, डबा ठेवलाय," आणि उत्तराची वाट न बघता पळाली. हो, पळालीच.

दुसऱ्या दिवशी गोदाक्काचं दार उघडलं नाही. विलासनं हाक मारली तर आतून आवाज आला, "बरं न्हाई मला." मालननं स्वतः रांधलं. कांदा तोच, डाळ तीच, डबा तोच जगातला सगळ्यात चांगला. दुपारी डबे परत आले, निम्मी आमटी तशीच. भाकरी मऊ होती, पण मुळात ती मालननं थापलेली होती. तीन दिवस असं चाललं. तीन दिवसांत एक शेंग आली नाही, एक चिठ्ठी आली नाही. चाळीस डबे, चाळीसही रिकामे. मालन मोरीपाशी बसून एकेक झाकण उघडायची, आणि अक्कानं महिनाभर हे उलट्या बाजूनं कसं सोसलं असेल ते तिला कळत जायचं.

चौथ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा ओट्यावर अक्काचा डबा ठेवलेला होता.

मालननं तो उचलला. हलका. झाकण उघडायचा धीर होईना, म्हणून तिनं ते बोटभर किलकिलं केलं आणि आत न बघताच निळी बॅटरी धरली. पडद्यावर उमटलं: गंध नाही.

कागदाचा नाही, शाईचा नाही, त्याआधीच्या लाडवांचाही नाही. अक्कानं डबा दोन तास उन्हात ठेवला होता. विसरला होता डबा सगळं. पण आत काही नव्हतं. घराच्या वाटणीच्या वेळी, भांड्याला भांडं लागलं होतं तेव्हासुद्धा, अक्कानं मालनचं पातेलं रिकामं परत केलं नव्हतं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा केलं. मालन ओट्याला टेकली. संपलं, ती स्वतःशी म्हणाली, आणि हे आपणच संपवलं.

मग डबा ठेवून द्यावा म्हणून तिनं झाकण नीट बसवायला उचललं.

तळाशी, मधोमध, साखर होती. चिमूटभर.

बॅटरीला कळली नव्हती. कळणार कशी? साखरेला वास नसतो, त्या पोरीनं सांगितलंच होतं.

चिमूटभर, जास्त नाही. शेजारच्या कुरणेवहिनींच्या वाटीत अक्का मूठभर घालते, हे मालनला पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा तिच्या काळजात बारीकशी कळ आली. तिनं स्वतःलाच एक शिवी दिली. मग बोट ओलं करून साखर टिपली आणि जिभेवर ठेवली, एक दाणा उरू दिला नाही.

त्यानंतर ती चाळीस झाकणं आणि पेन घेऊन बसली. पहिल्या झाकणावर 'बांधणार' छापलेलं होतं, त्याच्या वर जागा अगदी थोडी होती. मालनचा हात थोडा अडला. पण तिनं अक्षर बारीक काढलं आणि वरती लिहिलं, 'रांधणार: गोदावरी आवटी.' खाली आपलं नाव. असं चाळीस वेळा.

रांधणारी अजून आलेली नव्हती. मालननं मागचं दार उघडं ठेवलं आणि ती लसूण सोलायला बसली.